परिशिष्टाची हकालपट्टी



अध्यक्षाने संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, दिवंगतांना आदरांजली वाहावी आणि तरुणांना चार शब्द सांगून खाली बसावे, असा या पीठाचा संकेत आहे. आढावा कार्यवाहांच्या अहवालात येऊन गेला आहे, आदरांजली उद्घाटनाच्या सत्रात वाहिली गेली आहे आणि तरुण मंडळी या घटकेला चहाच्या रांगेत आहेत. तेव्हा उरलेला वेळ या परिषदेने वर्षानुवर्षे टाळलेल्या एका प्रश्नाला देण्यास हरकत नसावी. तो प्रश्न परिशिष्टाचा आहे. स्थानिक इतिहासावरील निबंधाला जोडलेले मूळ कागदाचे देवनागरी लिप्यंतर पाने वाचवण्यासाठी गाळायचे आणि निष्कर्ष तेवढा छापायचा, ही जी रीत परिषदांच्या संग्रहांत रूढ झाली आहे, तिने महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासाचे जेवढे नुकसान केले तेवढे वाळवी, पूर आणि भाऊबंदकी यांनी मिळूनही केले नसेल.

हे विधान ज्यांना अतिरेकी वाटेल त्यांनी एखादा महजर डोळ्यांपुढे आणावा. महजर म्हणजे वतन, शीव किंवा मानपान यांच्या वादात गोतसभेने केलेल्या निवाड्याचा लेख, आणि गोतसभा म्हणजे गावचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार व परगण्याचे देशमुख-देशपांडे यांची न्यायासाठी बसलेली सभा. कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून केलेल्या या लांब पट्टीवर हाजिरमजालस, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची यादी असते, वादी-प्रतिवादींनी आपल्या हक्काची पिढीजात हकिकत सांगणारे करीने असतात आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या निशाण्या असतात: पाटलाचा नांगर, चांभाराची रापी, न्हाव्याचा आरसा. निबंधकाराने ‘गावाने निर्णय दिला’ असे लिहिले की ही सगळी माणसे एका शब्दात गडप होतात. कोणाचे नाव कोणाच्या आधी आले आणि मुलाण्याची साक्ष घेतली गेली की नाही, हे सांगणारी जागा परिशिष्टच असते.

तारखेची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘सन सबा सितैन मया व अलफ’ हे शुहूर सनाचे, म्हणजे अरबी शब्दांत सांगितल्या जाणाऱ्या कालगणनेचे वर्ष ११६७ होय, आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्यामुळे ते इसवी सनाच्या १७६६ व १७६७ अशा दोन वर्षांवर पसरते. निबंधात १७६६ एवढाच आकडा ठेवून मूळ कागदावरचा चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्यातील दिवस, गाळला गेला, तर निबंधकाराचे गणित बरोबर की चूक हे ताडून पाहण्याची वाटच बंद होते. काही विद्वानांना ती बंद राहिलेलीच सोयीची वाटते, कारण मोडी कागदाशी त्यांची भेट प्रदर्शनाच्या काचेपलीकडे गेलेली नसते आणि एकच निबंध शीर्षक बदलून तीन परिषदांत वाचण्याची त्यांची हातोटी सर्वांना ठाऊक आहे.

पूर्वसूरींची रीत याच्या उलट होती. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांच्या प्रस्तावनेशी भांडता यावे एवढा ऐवज त्यांनी स्वतःच वाचकांच्या हाती दिला. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची संमेलनवृत्ते मूळ कागदांनी भरलेली असत. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारी गावातील जेधे या देशमुख घराण्याच्या दप्तरातील या सालवार टिपणात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती. त्यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला, पण तो छापील मजकुराच्या आधारे चालला. टिळकांनी मजकूर न देता केवळ आपले मत सांगितले असते, तर महाराष्ट्राने ते वंदनीय मानले असते आणि पुरावा पुन्हा माळ्यावर गेला असता.

तसा माळ्यावरून थेट रद्दीत गेलेला पुरावा या पीठावरून नोंदवणे अस्थानी ठरू नये. प्रस्तुत अध्यक्षांच्या उमेदवारीच्या काळात, नीरेच्या खोऱ्यातील एका वतनदार घराच्या माळ्यावर, रुमालात, म्हणजे दप्तर बांधण्याच्या चौकोनी फडक्यात, पाण्याच्या पाळीविषयीचा एक महजर मिळाला होता. तो नकलून, परिशिष्टासह निबंध एका परिषदेकडे धाडला गेला. संग्रहात निबंधाखाली ‘विस्तारभयास्तव परिशिष्ट गाळले आहे’ अशी ओळ आली, आणि त्याच संग्रहात शाल-श्रीफळ घेणाऱ्यांची यादी व उद्घाटनाची छायाचित्रे यांना मात्र विस्ताराचे भय शिवले नाही. नक्कल परत मागणाऱ्या पत्रांना उत्तर आले नाही. पुढे त्या घराची वाटणी झाली, वाडा उतरवला गेला आणि दप्तर भंगारवाल्याच्या काट्यावर चढले. आज त्या महजराची साक्ष म्हणून निबंधातील एक वाक्य उरले आहे आणि नंतरचे अभ्यासक तेच वाक्य पुरावा म्हणून उद्धृत करत आहेत.

विद्यमान संपादक मंडळाला हा दोष लागू होत नाही. कागदाचे भाव आणि रखडणारे अनुदान यांच्याशी झुंजत त्यांनी संग्रह काढला, हेच त्यांचे ऋण मोठे आहे. दोष आहे तो सत्काराला तास आणि निबंधाला पाच मिनिटे देणाऱ्या वृत्तीचा. म्हणून समारोपाच्या सभेत असा ठराव येत आहे की, अप्रकाशित कागदावर आधारलेला कोणताही निबंध त्या कागदाच्या संपूर्ण लिप्यंतरावाचून संग्रहात घेऊ नये, आणि पाने कमी पडल्यास प्रथम छायाचित्रे गाळावीत. ज्यांना हा ठराव जाचक वाटतो त्यांनी विरोधात हात अवश्य वर करावा. मात्र त्याआधी आपल्या मागील निबंधातील मूळ कागद आज कोठे आहे, हे सभेला सांगावे.