शाळिग्रामातले चक्र आणि जुन्या समुद्राची पातळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



 विषयाचे नाव ऐकून काही जणींच्या मनात आले असेल की, हे दगडांचे पुराण आमच्यापुढे कशाला? पण या पुराणाचा नायक आपल्यापैकी कितीतरी जणींच्या देवघरात विराजमान आहे. तो म्हणजे शाळिग्राम.

शाळिग्राम नेपाळातल्या काली गंडकी नदीत सापडतात. त्यांतल्या पुष्कळांमध्ये जे चक्र दिसते, ते अ‍ॅमोनाईट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचे वेटोळे आहे. हा प्राणी माकूल आणि अष्टपाद यांच्या गोतातला. शंखात पडदे घालून तो खोल्या करी. सगळ्यांत बाहेरच्या खोलीत स्वतः राही आणि मागच्या रिकाम्या खोल्यांच्या जोरावर पाण्यात तरंगे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा वंश बुडाला. त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात लाव्हाचे लोट पसरत होते. म्हणून सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात हे शंख शोधू नयेत.

आता प्रश्न असा की, समुद्रातला शंख हिमालयात कसा? मुक्तिनाथाचा परिसर साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. समुद्र कधी तेवढा चढला होता काय? मुळीच नाही. तिथे पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत आशियाला भिडली आणि त्या समुद्राचा तळच वर उचलला गेला. यातून पहिला धडा मिळतो: शंख सापडला म्हणजे तिथे समुद्र होता एवढे कळते, तो किती खोल होता, चढत होता की ओसरत होता, हे एवढ्यावरून कळत नाही.

शिवाय शंख हा मोठा फिरस्ता. अ‍ॅमोनाईटचा दूरचा नातलग नॉटिलस आजही प्रशांत आणि हिंदी महासागरांत आहे. तो मेल्यावर त्याचा रिकामा शंख तरंगत शेकडो कोस जातो आणि भलत्याच किनाऱ्याला लागतो. म्हणून अभ्यासक केवळ कोणता शंख मिळाला हे पाहत नाहीत, तो कोणत्या अवस्थेत मिळाला हेही पाहतात.

ही तपासणी आपल्या घरकामासारखीच आहे. शंख अखंड आहे, नाजूक तोंडही शाबूत आहे आणि तो बारीक काळ्या चिखलात आडवा चेपला गेला आहे, असे दिसले तर तळाचे पाणी शांत होते आणि प्राणवायू कमी होता असे समजावे. असे तळ बहुधा लाटांच्या माऱ्यापासून दूर, खोल पाण्यात असतात. उलट तुकडे तुकडे झालेले, कडा झिजलेले शंख ढिगाने मिळाले, तर तिथे लाटांची घुसळण होती, म्हणजे पाणी उथळ होते असा कयास बांधता येतो. शंखाची एक बाजू चांगली आणि दुसरी झिजलेली, वर कालवे चिकटलेली असेल, तर तो पुष्कळ काळ तळावर उघडा पडून होता. दोन्ही बाजूंना कालवे असतील, तर कोणीतरी त्याला मध्येच उलटले असले पाहिजे. आणि शंखाच्या पोटातला दगड एका जातीचा, भोवतालचा दुसऱ्या जातीचा असेल, तर तो आधी एका थरात पुरला गेला, मग उकरला जाऊन दुसऱ्या थरात आला.

या गोष्टींचा पाण्याच्या पातळीशी संबंध कसा? समुद्र जमिनीवर चढू लागला की किनारा आत सरकतो. नद्यांनी आणलेला गाळ मुखाजवळच अडकतो आणि दूरच्या तळावर फारच थोडा पोहोचतो. जो पोहोचतो, तोही प्रवाह पुढे नेतात. सुपात धान्य पाखडले की फोल उडते आणि दाणे राहतात, तसे गाळ जातो आणि शंख राहतात. हजारो, कधी लाखो वर्षांचे शंख हातभर जाडीच्या थरात गोळा होतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या कच्छात आहे. तिथल्या अ‍ॅमोनाईटांवर वागेन यांनी १८७० नंतरच्या दशकात आणि स्पाथ यांनी १९२७ ते १९३३ या काळात मोठे ग्रंथ लिहिले. कच्छात धोसा ऊलाईट नावाचा सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा थर आहे. त्यात खसखशीसारखे गोल लोहयुक्त कण दिसतात. त्याच्या माथ्यावरच्या पातळ पट्ट्यात निरनिराळ्या काळांतले अ‍ॅमोनाईट एकत्र नांदतात. काही झिजलेले, काही उकरून पुन्हा पुरलेले. गाळ फार सावकाश साचत होता, मधून मधून अजिबात थांबत होता, हे त्यावरून कळते. चढत्या समुद्राशी हे चित्र चांगले जुळते.

मात्र एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. कच्छचे खोरे जमीन खचून झालेले आहे. जमीन खाली गेली तरी पाणी खोलच होते. वादळेही गाळ धुऊन नेतात. म्हणून दूरदूरच्या प्रदेशांतले त्याच काळाचे थर ताडून पाहावे लागतात. सगळीकडे एकच कहाणी निघाली, तरच समुद्र चढला असे म्हणावे.

भगिनींनो, ही नुसती जुनी गोष्ट नाही. उपग्रहांनी १९९३ पासून मोजले तेव्हापासून जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे १० सेंटिमीटर चढली आहे. उपग्रहांची नोंद दशकांची, दगडांची कोट्यवधी वर्षांची. किनारे कसे सरकतात आणि गाळ कुठे थांबतो हे शिकायला दगडांचीच वही उघडावी लागते.

त्या वहीची पाने मात्र फाटत आहेत. घासून चकचकीत केलेले अ‍ॅमोनाईट दिवाणखान्यात ठेवण्यासाठी विकले जातात. घासताना वरची कालवे जातात, झीज जाते. कोणत्या थरातला, कसा पडलेला होता, हे कोणालाच माहीत नसते. मग उरतो तो केवळ सुंदर दगड, त्याची साक्ष बुडते. माझी विनंती एवढीच, की असे दगड हौसेने विकत घेऊ नयेत. सहलीत मुलांना शंख दिसला तर उपटू देऊ नये. जागेचे टिपण करावे, चित्र काढावे आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवावे.

राहिला आपला शाळिग्राम. त्यातले चक्र शंखाचे आहे हे कळल्याने पूजेत काही उणे येते, असे मला वाटत नाही. ज्याला आपण रोज स्नान घालतो, त्याने हिमालयाच्या जागी समुद्र पाहिला आहे, हे ठाऊक असले तर हात जोडताना मन थोडे अधिकच नम्र होईल.