टाच



संयोजकांना वाटलं, मी संगणकावर बोलेन. मी टाचांवर बोलणार आहे.

उंच टाच मुळात पुरुषांची. इराणी घोडेस्वारांना रिकिबीत उभं राहून बाण मारायचा असे, तेव्हा पाय घसरू नये म्हणून बुटाला टाच. म्हणजे आमच्या भाषेत, निव्वळ इंजिनिअरिंग! शाह अब्बासने १५९९ मध्ये युरोपात वकील पाठवले. त्याच सुमारास तिथल्या सरदारांनीही टाच उचलली. घोडा नसतानाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं रिगोने १७०१ मध्ये काढलेलं चित्र बघा: साठी उलटलेला राजा, पांढरे मोजे, लाल टाचांचे बूट, आणि पोटऱ्या दिसाव्यात म्हणून बाजूला सारलेला झगा. पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी टाच सोडली, ती बायकांकडे राहिली. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या बुटांना मात्र अजून आहे, त्यांना कोणी बायकी म्हणत नाही.

हे मी का वाचत बसले? माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने दिवाळीला दुकानातल्या मुलींच्या विभागातून टाचांचे बूट आणले. घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही. मी सासूबाईंना लुईचं चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "राजाला कोण हसणार गं? आपल्या पोराला हसतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो आज आलाय, तेच बूट घालून. मागच्या रांगेत बसलाय. जेवताना त्याच्याशी बोला. बुटांबद्दलच बोलायला हवं असं नाही, त्याला क्रिकेटही आवडतं.