मुरमाची वाट आणि सायकल



वाशी तालुक्यातल्या बहुतेक गावांहून शेजारच्या गावी जायला दोन रस्ते असतात. एक डांबरी, मोटारींचा. दुसरा शिवेवरून, बांधाच्या कडेकडेने, माळ चढून आणि ओढा ओलांडून जाणारा. पहिला पाव्हण्यालाही सापडतो. दुसरा आता गुराखी, मेंढके आणि ज्यांचे रान त्या अंगाला आहे तेवढ्यांनाच ठाऊक. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या रस्त्याविषयी आणि त्यावरून सायकलीने जाण्याविषयी. विषय रिकामटेकड्याचा वाटेल. परंतु तो तसा नाही. का नाही, ते सांगतो.

सोलापूर–धुळे महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. येरमाळ्याकडून तेरखेडा, पुढे पारगाव, मग बीड जिल्हा. तो चौपदरी झाला, मोटारींचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. पण जो रस्ता वेगासाठी बांधला, तिथे सायकलीला जागा उरत नाही. मालट्रक कोपराजवळून जातो तेव्हा नुसत्या वाऱ्याने हँडल डगमगते. मग बाप म्हणतो, "पोरीला सायकलीवर धाडायची नाही." त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याच्यापुढे दोनच गोष्टी उरतात : कर्ज काढून फटफटी घेणे, नाही तर पोरीची शाळा थांबवणे. राज्यातल्या निवडक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल मिळाली, पण ती चालवायला निर्धास्त वाट नको का?

आता थोडे दूर, इटली देशात जाऊ या. तिथे फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मध्ये कियांती नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथली द्राक्षाची दारू इतकी नावाजलेली, की १७१६ सालीच तिथल्या राज्यकर्त्याने, तिसऱ्या कोझिमोने, कोणत्या हद्दीतल्या दारूला ते नाव लावावे हे फर्मान काढून ठरवून दिले. शेतीची रीत मात्र आपल्या अर्धेलीसारखी : जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे निघून गेली, दगडी घरे ओस पडली, आणि १९६४ साली अर्धेलीचे नवे करार कायद्यानेच बंद झाले. राहिले ते द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडे आणि टेकड्यांच्या माथ्यावरून वळणे घेत जाणारे खडीचे रस्ते. दगड चुनखडीचा, म्हणून रस्तेही पांढरे. लोक त्यांना 'पांढरे रस्ते' असेच म्हणतात.

या पांढऱ्या रस्त्यांवर हळूहळू डांबर चढू लागले. तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची या गृहस्थांनी १९९७ साली गायोले या लहानशा गावाहून एक सायकलफेरी काढली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. फेरीचे नाव 'लेरोइका', म्हणजे वीरांची. तिची अट मोठी गमतीची आहे : सायकल १९८७ सालापूर्वीची असली पाहिजे. आपण जी सायकल भंगारवाल्याला किलोवर घालतो, तिला तिथे मान! पुढे या फेरीला देशोदेशीचे हजारो लोक येऊ लागले आणि २००७ पासून त्याच रस्त्यांवर धंदेवाईक सायकलपटूंची शर्यतही सुरू झाली. आता तिथल्या पांढऱ्या रस्त्यावर डांबर ओतायचे म्हटले तर गावकरीच आडवे येतील. कारण त्या रस्त्याने येणारा माणूस गावात थांबतो, जेवतो, रात्रीचा मुक्काम करतो. शेतकऱ्याने आपल्या घरी पाहुणे ठेवावेत यासाठी इटलीने १९८५ साली कायदाच केला होता. ओस पडलेली घरे त्यामुळे पुन्हा नांदती झाली. फेरीच्या वाटेवर द्राक्षाच्या दारूत भिजवलेला पाव खायला देतात असे म्हणतात. ते आपल्याकडे सुचवण्याचे धाडस मी करीत नाही. आपला हुरडा आहे की.

कोणी म्हणेल, "सर, तो मुलूख निराळा, आपला निराळा." निराळा खराच, पण वाटतो तितका नाही. आपण बालाघाटाच्या पठारावर राहतो. समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ६०० ते ७०० मीटर, म्हणजे कियांतीतल्या बहुतेक द्राक्षमळ्यांपेक्षा आपण वरच. आपला दगड काळा. तो ऊनपावसाने झिजून त्याचा मुरूम होतो, म्हणून आपली वाट पिवळट-तांबूस. चुनखडीही आपल्याला परकी नाही : येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो माणसे चुनखडीचे खडे वेचतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. द्राक्षेही आहेत. आपल्या जिल्ह्यात मांडव आहेतच, आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजचे नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' हा लांब मण्याचा वाण आपल्या रानातच निवडून काढला. भूम-वाशीकडच्या खव्याच्या भट्ट्या तर ठाऊकच आहेत. आणि तिथून जशी कुळे गेली, तसा आपल्याकडचा माणूसही दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो. मुलूख मागे राहतो, वाटा मागे राहतात.

वाटा राहतात असे म्हटले खरे, पण पाणंदीचे काय झाले आहे ते तुम्ही जाणता. दोन्हीकडचे बांध वर्षाला वीतभर सरकतात. बैलगाडी जात होती तिथे आता माणूस आडवा होऊन जातो. मग कोणी काटेरी झाप टाकतो आणि वाट संपते. गावच्या नकाशात मात्र ती जिवंत असते. तलाठ्याकडचा नकाशा उलगडून पाहा : दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणे तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात. अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे, हे विसरू नका. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे कलम १४३ आहे. आणि २०२१ साली राज्याने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना काढली, ती रोजगार हमीशी जोडलेली आहे.

शिक्षकमित्रांना माझे एक सांगणे आहे. भूगोलाच्या तासाला नकाशा शिकवायचा तो युरोपचा पुढे शिकवा. आधी गावचा घ्या. आठवी-नववीची मुले सोबत घेऊन नकाशातली एक तुटक रेषा शोधायला निघा. कुठे ती सापडेल, कुठे तुरीच्या पाटात बुडालेली असेल. मुलांनी तेवढे वहीत टिपले तरी ग्रामसभेत बोलायला आधार होतो.

प्रत्येक वाटेवर डांबर टाकू नये, असे माझे मत आहे. ते ऐकून काही जण रागावतील. रागावण्याला कारणही आहे : पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवर घालून काढावे लागलेल्या वस्तीला 'तुमची वाट सुंदर आहे' असे सांगणे निर्दयपणाचे होईल. वस्तीला पक्का रस्ता हवाच. परंतु एका वस्तीला पक्का रस्ता मिळाल्यावर सगळ्याच पाणंदींवर डांबर कशाला? डांबर आले की वेग येतो. वेग आला की बैल, शेळ्या, पोरे आणि सायकल कडेला ढकलली जातात. शिवाय पातळ डांबर दोन पावसाळ्यांत उखडते, आणि उखडलेले डांबर मुरमापेक्षा वाईट. मुरमाचा रस्ता नीट केला तर टिकतो. नीट म्हणजे कसा? मधे उंच, दोन्ही बाजूंना उतार, कडेला चर, आणि मुरूम पाणी मारून रोलरने दाबलेला. पाणी रस्त्यावर उभे राहिले नाही की अर्धे काम झाले. चर मात्र दर वर्षी मृगाच्या आधी उपसला पाहिजे. तिथेच आपले घोडे पेंड खाते.

आता सायकलीविषयी. परदेशात अशा रस्त्यांसाठी खास सायकली निघाल्या आहेत, त्यांच्या किमती ऐकून छाती दडपते. त्यांचा टायर बहुधा ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद. आपल्या साध्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. तेव्हा अर्धे सामान घरातच आहे. मुरमावर निघताना हवा दगडासारखी कडक भरू नये. अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित दबावा. फार कमीही नको, नाही तर धोंड्यावर आपटून ट्यूब रिमपाशी फाटते. उतारावर मागचा ब्रेक आधी, पुढचा हलक्या हाताने, आणि दोन्ही वळणाच्या अलीकडेच. वळणात ब्रेक दाबला की चाक मुरमावरून सटकलेच. खडबडीत जागी दोन्ही पायडल समपातळीत ठेवून सीटवरून थोडे उठावे. चढ असह्य झाला तर खाली उतरून चालावे. सायकल हातात धरून चालण्यात कसला कमीपणा?

काळ वेळ पाहावा. मृगापासून परतीच्या पावसापर्यंत काळ्या रानातून जाऊ नये. चिखल मडगार्डात असा भरतो की सायकलच आपल्या खांद्यावर बसते. माळावरची मुरमाची वाट त्याही दिवसांत चालते. खरा हंगाम दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. चैत्र-वैशाखात उन्हे तापायच्या आत घरी परतावे. येडशीच्या रामलिंग अभयारण्याच्या अंगाला संध्याकाळी एकट्याने जाऊ नये. २०२४ च्या डिसेंबरात तिथे थेट यवतमाळकडच्या टिपेश्वरातून आलेला वाघ दिसला होता. आणि दर तासाला थांबून चाक फिरवीत टायर निरखावा. सराटा टोचला की लगेच आत जात नाही, चाकाबरोबर फिरत फिरत रुतत जातो. वेळीच नखाने काढला तर ट्यूब वाचते. नाहीच वाचली, तर सोल्यूशन, रबराचा तुकडा आणि हातपंप पिशवीत असू द्या, कारण त्या वाटेवर पंक्चरवाला नसतो.