शांततेचा हक्क आणि कायद्याचे दार



शांततेवर बोलावयाचे म्हटले की वक्त्याचे मन आपोआप बुद्ध-गांधींकडे वळते. तो मोह आज आम्ही टाळणार आहोत. आमचा प्रश्न जरा रुक्ष आहे. शांतता हा माणसाचा हक्क आहे काय? सुखाने नांदावे ही इच्छा सर्वांचीच असते. परंतु इच्छा निराळी आणि हक्क निराळा. ज्याच्यासाठी कोणाच्या तरी दारी उभे राहून ‘हे आमचे आहे, द्या’ असे म्हणता येते, तो हक्क. आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. पण शिफारस कोणती आणि आदेश कोणता हे ओळखण्यात सरकारी नोकरीतील हयात गेली आहे. तेवढ्याच भांडवलावर हे धाडस करीत आहोत.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाचा वापर आणि बळाची धमकी या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. (१९२८ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी युद्धाचा त्याग केलाच होता; त्यानंतर अकरा वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले, ही गोष्ट अलाहिदा.) मात्र सनदेतील हे बंधन राज्याचे राज्याशी आहे. तुमचाआमचा तेथे थेट संबंध येत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात जीविताचा आणि सुरक्षिततेचा हक्क आहे. शांततेचा हक्क त्या नावाने नाही.

ते नाव आमसभेत आले १२ नोव्हेंबर १९८४ रोजी. ‘लोकसमूहांचा शांततेचा हक्क’ घोषित करणाऱ्या ठरावाच्या बाजूने ९२ मते पडली, विरोधात एकही नाही, आणि ३४ राष्ट्रे तटस्थ राहिली. पुढे १९ डिसेंबर २०१६ रोजी आमसभेने आणखी एक जाहीरनामा स्वीकारला. त्यात लोकसमूहाच्या जागी ‘प्रत्येक व्यक्ती’ आली. या वेळी बाजूने १३१, विरोधात ३४, तटस्थ १९. समूहाला हक्क देताना कोणी ‘नाही’ म्हटले नव्हते. एकेका माणसाला देण्याची वेळ येताच चौतीस हात वर झाले! विरोधकांत पाश्चात्त्य राष्ट्रे बरीच होती. शांतता हा स्वतंत्र हक्क नव्हे, इतर हक्क पाळल्याचे ते फळ आहे, असा त्यांचा एक युक्तिवाद होता. तो अगदीच टाकाऊ आहे असे आम्हांस वाटत नाही. पण रणभूमीतील माणसास त्या फळाची वाट पाहावयास सांगणे कठोरपणाचे आहे. काहीही असो, दोन्ही ठराव कायद्याच्या दृष्टीने बंधनकारक नाहीत. आमच्या भाषेत, शिफारस.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद ५१ राज्याने आंतरराष्ट्रीय शांततेसाठी प्रयत्नशील राहावे असे सांगतो. योगायोग असा, की सनदेतील अनुच्छेद ५१ हा स्वसंरक्षणाचा आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ पाहिलेल्या देशाला दोन्ही एक्कावन्न हवेत, हे वेगळे सांगावयास नको. परंतु आपला एक्कावन्न हा मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो. त्याच्या बळावर नागरिकास न्यायालयात दाद मागता येत नाही.

मग असे दार कोठे उघडले आहे काय? काही काळ उघडले, जपानात. १९४७ साली अमलात आलेल्या त्यांच्या संविधानाच्या उद्देशिकेत शांततेने जगण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. १९६९ मध्ये होक्काइदो बेटावरील नागानुमा येथे क्षेपणास्त्रांचा तळ उभारण्यासाठी तेथील जलसंरक्षक वनाचे संरक्षण सरकारने काढून घेतले. एका वनाचा एक शासकीय आदेश! असे आदेश कसे निघतात हे आमच्यासारख्यास सांगावयास नको. गावकरी न्यायालयात गेले. त्यांना पुराचे आणि पाण्याचे भय होतेच. पण उद्या युद्ध झाले तर पहिला मारा या तळावर, म्हणजे आमच्या गावावर होईल, हेही त्यांचे म्हणणे होते. १९७३ मध्ये सप्पोरो जिल्हा न्यायालयाने ते मान्य केले आणि जपानचे स्वसंरक्षण दलच संविधानविरोधी ठरविले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वनाऐवजी पर्यायी बांधकामे झाली आहेत, तेव्हा गावकऱ्यांना तक्रारीचे कारणच उरलेले नाही. शांततेच्या प्रश्नास त्या न्यायालयाने हातही लावला नाही. फाईल निकाली काढण्याची ही रीत आम्हांस परिचित वाटली.

तरी विषय संपला नाही. इराकमध्ये जपानी विमाने पाठविण्याविरुद्ध हजाराहून अधिक नागरिकांनी दावा लावला. १७ एप्रिल २००८ रोजी नागोया उच्च न्यायालयाने सांगितले, की शांततेने जगण्याचा हक्क हा प्रसंगी न्यायालयात मागता येण्याजोगा हक्क आहे, आणि सशस्त्र परकी सैनिकांना बगदादला नेणे हे संविधानाचे उल्लंघन आहे. दावा मात्र फेटाळला. फिर्यादींचा स्वतःचा हक्क भंग पावल्याचे न्यायालयास दिसले नाही. खटला जिंकल्यामुळे सरकारला अपील करता येईना, आणि फिर्यादींना ते करावयाचे नव्हते. निकाल कायम झाला. विमाने त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत उडत राहिली.