काजळीतला प्रकाश



काजळी आणि प्रकाश यांचे वैर जुने आहे. कंदिलाची काच काळवंडते ती काजळीनेच. परंतु मेणबत्तीची हीच काजळी नायट्रिक आम्लात उकळून तिच्यातील सूक्ष्म कण वेगळे केले, तर अतिनील किरणांखाली ते रंगीत उजळतात, हे २००७ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात दिसून आले. त्यापूर्वी २००४ साली दक्षिण कॅरोलिनात कार्बनच्या नलिका शुद्ध करताना असे कण अनपेक्षितपणे हाती लागले होते.

प्रकाश देणारे अतिसूक्ष्म कण विज्ञानाला नवे नव्हते. 'क्वांटम डॉट' नावाच्या अशा कणांसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. मात्र त्यांच्या अनेक प्रकारांत कॅडमियम असते. हा विषारी धातू जिवंत पेशीत सोडायचा कसा? म्हणून दृष्टी कार्बनकडे वळली.

२०१२ साली भारतीय संशोधकांच्या एका गटाने यासाठी चक्क संत्र्याचा रस घेतला. राऊरकेल्याची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि खरगपूरची आयआयटी यांचे हे काम. बंद पात्रात १२० अंश सेल्सिअसला अडीच तास रस तापवला. (घरच्या कुकरमधील तापमानही जवळपास एवढेच असते!) रसातील शर्करा व आम्ले यांतून पाण्याचा अंश निघून गेला आणि काही नॅनोमीटरचे कार्बनकण तयार झाले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पेशींचे चित्रण करण्यासाठी हे कण उपयोगी पडले.

त्यानंतर तुळस, कडुनिंब, हळद अशा कितीतरी वनस्पतींवर प्रयोग झाले. स्वदेशी वनस्पतींचे नाव ऐकताच 'हे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते' असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. पानातील हरितद्रव्य अतिनील किरणांखाली स्वतःच तांबडे चमकते. सायट्रिक आम्ल तापवताना उपजणारे लहान रेणूही चमकतात. मग उजेड कणाचा की भेसळीचा? द्रावण सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून दीर्घकाळ धुऊन घ्यावे लागते. लहान रेणू बाहेर पडतात, कण आत उरतात. आतले द्रावण निस्तेज झाले आणि बाहेरचे पाणी उजळले, तर तो शोध नव्हे, निष्काळजीपणा होय.

दुसरी अडचण शेतकऱ्याला सहज समजेल. नागपुरी संत्र्याच्या आंबिया बहाराचा रस आणि मृग बहाराचा रस तंतोतंत सारखा नसतो. मग त्यांतून निघणाऱ्या कणांचा रंग आणि तेज तरी सारखे कसे धरावे? दोन्ही बहारांच्या बाटल्या एकाच मापाने उजळेपर्यंत ही कृती प्रयोगशाळेतच राहील.