पाटीवर काय लिहायचं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या शाळेची जुनी कौलारू इमारत उतरवली जाणार आहे. नव्या इमारतीवर एक पाटी लागेल. तिचा मजकूर आपण माजी विद्यार्थ्यांनी ठरवायचा आहे. म्हणून आज दुसऱ्याच एका पाटीविषयी बोलते.

मुंबईत सीएसएमटीसमोर, सर जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाडांच्या गर्दीत एक जुना लाकडी बंगला आहे. त्याच्या दारापाशी रुडयार्ड किपलिंगचा अर्धपुतळा आणि पाटी आहे. 'जंगल बुक' लिहिणारा किपलिंग मुंबईत ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी या कलाशाळेत शिल्पकला शिकवायला आले होते. जवळच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पं त्यांचीच. मुलाला पाच वर्षांचा असताना, १८७१ मध्ये, शिक्षणासाठी इंग्लंडला ठेवलं. वडील १८७५ मध्ये लाहोरच्या कलाशाळेत गेले.

आता गंमत पाहा. अभ्यासक सांगतात की, सध्याचा बंगला १८८२ चा आहे. म्हणजे किपलिंग जन्मला तेव्हा हे घर नव्हतंच! आवार तेच, घर वेगळं. पाटी वाचून जाणाऱ्याला मात्र वाटतं, याच भिंतींनी ते बाळ पाहिलं.

मग या घराला स्वतःचा इतिहास नाही का? आहे की. कित्येक वर्षं कलाशाळेचे प्रमुख इथे राहिले. याच आवारात धुरंधरांसारखे चित्रकार शिकले आणि पुढे त्यांनीच इथे शिकवलं. पण लोकांच्या तोंडी बंगला राहिला तो किपलिंगचाच.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, आपल्या पाटीवर 'या इमारतीत' असं न लिहिता 'या जागेवर' असं लिहावं आणि दोन्ही इमारतींची सालं द्यावीत. दोन, देणगीदार आणि मुख्याध्यापकांसोबत पहिल्या तुकडीच्या बाईंचं आणि घंटा देणाऱ्या मामांचंही नाव असावं. तीन, कौलं उतरण्याआधी प्रत्येक खोलीची मापं आणि फोटो घेऊ या. घरच्या अल्बममधले जुने फोटोही मागे साल लिहून शाळेत आणून द्या. फोटो स्कॅन करून नीट जपण्याचं काम माझ्याकडे.

पन्नास वर्षांनी कुणी ती पाटी वाचेल, तेव्हा त्याला विचारायला आपण नसू. तेवढं आत्ताच खरं लिहून ठेवू या.