पदविकेपासून पदवीपर्यंत : परवडणारी वाट



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाटणी ठरून गेलेली असते. गुण भरपूर असतील तर उच्च माध्यमिक, शिकवणी, प्रवेशपरीक्षा आणि पुढे अभियांत्रिकी. गुण बेताचे असतील तर पॉलिटेक्निक. पदविका म्हणजे पदवीला मुकलेल्यांची सोय, अशी समजूत या वाटणीच्या मुळाशी आहे. तिच्यापायी काही कुटुंबे ऐपतीबाहेरचा खर्च अंगावर घेऊन मुलांना परप्रांतातील खाजगी महाविद्यालयांत धाडतात आणि काही गुणी मुले, विशेषतः मुली, पदविकेवरच थांबतात. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत.

मुक्तीपूर्व पिढीला लिसेवचे शिक्षण संपल्यावर अभियांत्रिकीसाठी घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६२ साली पणजीस शासकीय तंत्रनिकेतन सुरू झाले आणि १९६७ साली गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले; ते फर्मागुडीच्या पठारावर, गोपाळ गणपतीच्या सान्निध्यात आहे. आज डिचोली आणि कुडचडे येथेही शासकीय तंत्रनिकेतने आहेत. म्हणजे पदविका आणि पदवी हे दोन्ही टप्पे घरचे जेवण जेवून पुरे करता येतात. ही सोय लहान नव्हे. परगावच्या शिक्षणात शुल्कापेक्षा राहण्याजेवणाचा खर्चच पुष्कळदा जड होतो.

आता वर्षांचा हिशेब पाहावा. दहावीनंतर उच्च माध्यमिकची २ वर्षे आणि पदवीची ४, मिळून ६ वर्षे. दुसऱ्या वाटेने पदविकेची ३ वर्षे आणि, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाल्यास, पदवीची ३. बेरीज तीच ६. एकही वर्ष वाया जात नाही. भेद आहे तो जोखमीचा. पहिल्या वाटेवर बारावीच्या परीक्षेत पाय घसरला तर हाती रोजगाराचे साधन उरत नाही. दुसऱ्या वाटेवर एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास कारखान्यात वा बांधकामावर मान्य होणारे प्रमाणपत्र हाती असते. घरी आजारपण आले, कर्ता पुरुष गेला, तरी मुलगा किंवा मुलगी कमावू लागू शकते आणि पदवीचा विचार पुढे ढकलता येतो.

थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदविकेत किमान ४५ टक्के गुणांची अट घातली आहे. राखीव प्रवर्गांसाठी ती ४० टक्के आहे. मंजूर जागांच्या १० टक्के जागा यासाठी जादा धरल्या जातात आणि पहिल्या वर्षातील रिकाम्या जागाही भरता येतात. परंतु ४५ टक्के ही केवळ दाराची उंची होय. शासकीय महाविद्यालयातील जागा मोजक्या आणि इच्छुक अनेक, त्यामुळे निवड गुणानुक्रमाने होते. पदवीचा विचार असेल त्याने पदविकेच्या पहिल्या सत्रापासूनच तो ध्यानी धरावा. अखेरच्या वर्षी जागे होऊन भागत नाही.

येथे एक अडचण प्रांजळपणे सांगणे अगत्याचे आहे. पदविकाधारक कार्यशाळेत निष्णात असतो, पण गणितात पुष्कळदा मागे पडतो, कारण पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्याने केलेले नसते. निकाल आणि प्रवेश यांमधील सुटीत कलन आणि सारणी यांची उजळणी केली, तर तिसऱ्या सत्राचा धक्का पुष्कळ सौम्य होतो.

आता पैशाची बाजू. मुलींसाठी तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम वर्षाला ५०,००० रुपये असून ती पदविकेला मिळते आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या मुलीलाही ३ वर्षे मिळू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती दिली जाते आणि निवड गुणवत्तेवर होते. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्जयोजना आहे. बँकेच्या दारी जाण्यापूर्वी तिची चौकशी करावी. बँकेचे कर्ज घेणे भागच पडले तर ४ लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, हे माहीत असावे. कुळागर वा दागिने गहाण टाकण्याची घाई करू नये.

ज्या घरी लगेच पुढे शिकविणे शक्य नाही, तेथे शिकाऊ उमेदवारीचे एक वर्ष उपयोगी पडते. २०१९ च्या नियमांनी पदविकाधारक उमेदवारास महिना किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरविले. म्हणजे वर्षाचे ९६,०००. त्यातील निम्मे जरी शिल्लक टाकले तरी पदवीच्या प्रारंभीच्या खर्चाला मोठा आधार होतो.

स्वस्ताच्या मोहापासून मात्र सावध राहावे. घरबसल्या पत्रद्वारा अभियांत्रिकीची पदवी, असे कोणी सांगू लागल्यास दूर राहावे. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी काही अभिमत विद्यापीठांनी अशा रीतीने दिलेल्या पदव्यांवर कठोर निर्णय दिला आणि वर्षानुवर्षे नोकरी केलेल्या माणसांच्या पदव्या अडचणीत आल्या. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए.एम.आय.ई. परीक्षा ही एकेकाळी नोकरदारांची मोठी आशा होती. केंद्र सरकारने २०१२ साली घेतलेल्या निर्णयाने तिची पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती ठेवली. जुन्या मंडळींच्या अनुभवावर विसंबून नव्याने ती वाट धरू नये.

अखेरीस देवस्थानाविषयी. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा गौरव महाजन मंडळी कौतुकाने करतात, ते योग्यच आहे. पण पदविका चांगल्या गुणांनी पुरी करणाऱ्याचे नाव त्या यादीत क्वचितच असते. ते असावे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रवेशाच्या वेळी शुल्क रोख भरावे लागते आणि शिष्यवृत्तीचे पैसे बहुधा काही महिन्यांनी येतात. या मधल्या काळापुरती बिनव्याजी उसनवार रक्कम विद्यार्थी निधीतून मिळाली, तर निधी कमी होत नाही, फिरत राहतो. समाजातील निवृत्त अभियंत्यांनी सुटीत चार आठवडे अग्रशाळेत बसून गणित शिकविले, तर त्याला पैसाही लागत नाही. पूर्वजांनी अग्रशाळा बांधल्या त्या दूरच्या कुळाव्यांना विसावा मिळावा म्हणून. अर्ध्या वाटेवर थांबलेल्या मुलांनाही तेथे आधार मिळाला, तर तो त्याच सेवेचा विस्तार ठरेल.